इंजिनचा पिवळा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सरचं बिल

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ‘ओटू सेन्सर’ (म्हणजे ऑक्सिजन सेन्सर) असे शब्द दिसतात आणि मिस्त्री सांगतो, “सेन्सर गेलाय, बदलायला लागेल.” पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष घाईचा असतो. त्याच दिव्यामागे जळालेला फ्यूज असू शकतो, त्याचा खर्च वीस-तीस रुपये. उंदराने कुरतडलेली तार असू शकते, तिचे तीन-चारशे. सेन्सर खरंच गेला असेल तर गाडीप्रमाणे दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत, आणि प्रकरण धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचलं असेल तर पंचवीस हजारांच्याही पुढे. आपल्या गाडीत यातलं नेमकं काय झालंय हे शोधायला नीट शिकलेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो त्याचे पाचशे ते हजार रुपये घेतो. हे पैसे आधी द्यावेत आणि पार्टचे नंतर, असं माझं ठाम मत आहे.

इथे पेट्रोल आणि सीएनजीवरच्या गाड्यांचाच विचार केला आहे. डिझेलच्या धुराची व्यवस्था निराळी असते आणि तिच्या बिलाचे आकडेही निराळे. दिलेल्या किमती राज्यातल्या मोठ्या शहरांतला ढोबळ अंदाज म्हणून वापराव्यात. मॉडेल, साल आणि गॅरेज बदललं की त्या बदलतात.

आधी दिवा नीट बघा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. रोजचं जाणं-येणं चालू ठेवून दोन-चार दिवसांत गॅरेज गाठलं तरी चालतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते सायलेन्सरच्या नळीतून कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं आणि आतला सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या आणि टोइंग बोलवा. टोइंगचे दोन हजार जड वाटले तरी कन्व्हर्टरच्या मानाने ते काहीच नाहीत. लाल रंगाचे ऑइलचे किंवा तापमानाचे दिवे हा या लेखाचा विषय नाही. ते लागले तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं.

दिवा लागल्यावर बॅटरीची तार काढून पुन्हा जोडण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका. बिघाडाच्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर फिरत होतं, याची नोंद त्या बिघाडाच्या कोडबरोबर साठवलेली असते. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. बॅटरी काढली किंवा स्कॅनरने कोड पुसला की ही नोंदही जाते आणि मेकॅनिकच्या हातातला सगळ्यात चांगला धागा तुटतो. कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढून घ्या, एवढं मात्र गॅरेजमध्ये आग्रहाने सांगा. दिवा आपोआप विझला असेल तरीही कोड बराच काळ आठवणीत राहतो, तेव्हा विझलेल्या दिव्याची गाडीही तपासता येते.

हा सेन्सर मोजतो काय

बॉश कंपनीने तयार केलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा आला. बोटाएवढा धातूचा तुकडा, त्याच्या टोकाला झिरकोनियाचं सिरॅमिक आणि त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. एका बाजूला इंजिनचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, त्यानुसार सेन्सर विजेचा बारीक दाब तयार करतो. धुरात ऑक्सिजन कमी उरला, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी, तर ०.१ च्या आसपास. शुद्ध पेट्रोलसाठी एक किलोला साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण बरोबर धरलं जातं आणि त्या बिंदूवर आकडा ०.४५ व्होल्टला ओलांडून वर-खाली होत राहतो. हा आकडा बघून इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो.

सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. थंड इंजिनमध्येही तो लवकर तापावा म्हणून आत एक हीटर बसवलेला असतो. हीटर आणि सेन्सर एकाच नळकांड्यात असले तरी ही दोन वेगळी कामं आहेत. हे लक्षात ठेवा, बिल वाचताना उपयोगी पडेल.

हल्लीच्या गाडीत असे दोन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनच्या जवळ. पेट्रोलचं प्रमाण ठरवण्यात मुख्य हात त्याचा. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टर धूर नीट स्वच्छ करतोय का हे पाहणं. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत ‘बँक १’ एवढी एकच बाजू असते, त्यामुळे कागदावर ‘बँक १ सेन्सर १’ म्हणजे पहिला आणि ‘बँक १ सेन्सर २’ म्हणजे दुसरा. कोणता बदलायचा आहे हे न विचारता होकार देऊ नका. दोघांची किंमत वेगळी असते आणि पहिला बहुधा महाग.

आता मुद्द्याची गोष्ट. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. स्पार्क प्लग ठिणगी देत नसेल तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर येतं, पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही येतो. सेन्सर सांगतो, ऑक्सिजन फार आहे. संगणक समजतो पेट्रोल कमी पडतंय आणि आणखी पेट्रोल सोडतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटून सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा शिरत असेल तेव्हाही हेच होतं. दोन्ही वेळी सेन्सरने जे पाहिलं ते खरं सांगितलं. तो साक्षीदार आहे, आणि कोडमध्ये नाव आलं म्हणून साक्षीदाराला शिक्षा होते, असं आपल्याकडे फार वेळा घडतं.

कोडचा अर्थ आणि त्याचं वजन

सगळे कोड सारख्या मोलाचे नसतात. पी०१३५ आला तर पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. पी०१४१ म्हणजे दुसऱ्याच्या. हे कोड त्यातल्या त्यात स्पष्ट, कारण संशयित तीनच असतात: फ्यूज, तार-कपलर किंवा सेन्सरमधला हीटर. क्वचित संगणकही असतो, पण तो सगळ्यात शेवटी. पी०१३० ते पी०१३४ हे पहिल्या सेन्सरच्या सिग्नलचे कोड. त्यात पी०१३३ म्हणजे सेन्सर मंदावला आहे, उत्तर द्यायला वेळ लावतो. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत हा आला तर सेन्सर म्हातारा झाल्याची शक्यता खरोखर जास्त. पी०१३१ म्हणजे व्होल्टेज सतत कमी. इथे मात्र सेन्सरइतकीच हवेची गळती आणि तुटलेली तारही संशयित आहे.

पी०१७१ आणि पी०१७२ हे सेन्सरचे कोड नाहीतच. पहिल्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, दुसऱ्याचा अर्थ जास्त. या कोडवर कोणी थेट ओटू सेन्सर बदलायला सांगत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: सेन्सर खोटं सांगतोय हे कशावरून ठरवलं? उत्तर मिळालं नाही तर गाडी परत घ्या.

पी०४२० हा सगळ्यात महागात पडणारा कोड. कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचं तो सांगतो. त्याच्याकडे पुढे स्वतंत्रपणे येऊ.

तपासणी: स्वस्तापासून महागाकडे

सुरुवात बॉनेट उघडून डोळ्यांनी करायची. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि ऑक्सिजन सेन्सरची तार त्यांना सहज सापडते. कपलर सुटलाय का, त्यात पाणी किंवा हिरवा गंज दिसतो का, तार सायलेन्सरला टेकून वितळली का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर दिवा लागला असेल तर दुसऱ्या सेन्सरचा कपलर पहिल्यांदा बघा, कारण तो गाडीच्या पोटाखाली असतो. तार जोडून, टेप गुंडाळून, नळी चढवून घ्यायचे ३०० ते ८०० रुपये. हार्नेसचा मोठा भाग खाल्ला असेल तर दीड-दोन हजार. एवढ्या रकमेसाठी विम्याचा दावा करू नका. नो क्लेम बोनस जाईल आणि पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त पैसे भराल.

हीटरचा कोड असेल तर फ्यूज बघून झाल्यावर मल्टिमीटर लावायचा. सेन्सरला चार तारा असतील तर त्यातल्या सारख्या रंगाच्या दोन हीटरच्या. कपलर काढून सेन्सरच्या बाजूने त्या दोन तारांमधला रोध मोजला की गाडीप्रमाणे दोन-पाच ते पंधरा ओहमच्या दरम्यान आकडा यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतला हीटर तुटला, सेन्सर बदला, वाद संपला. आकडा बरोबर असेल तर गाडीकडून येणाऱ्या तारेवर बारा व्होल्ट मिळतात का ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे हे. ते न करता तीन-चार हजारांचा पार्ट बसवणारा मेकॅनिक अंदाजावर काम करतोय आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरताय.

समजा, २०१५ ची एक छोटी पेट्रोल गाडी आहे, पंच्याण्णव हजार किलोमीटर चाललेली, आणि कोड आहे पी०१४१. एका गॅरेजने सेन्सर बदलला: पार्ट ३,२००, मजुरी ५००, मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी ९०, एकूण ३,७९०. दोन दिवसांनी दिवा परत लागला, कारण तार तुटलेली होती. मग वायरिंगचे ४००. दुसऱ्या गॅरेजने स्कॅनिंग आणि तपासणीचे ७०० घेतले असते, तार जोडली असती, ४०० घेतले असते आणि गाडी ११०० रुपयांत घरी आली असती. पहिल्या गॅरेजने ‘चेकिंग फुकट’ म्हणून सांगितलेलं असतं. फुकट चेकिंगचे पैसे पार्टमधून वसूल होतात, हे ग्राहकांनी ओळखायला हवं.

सिग्नलचा कोड असेल तर ‘लाइव्ह डेटा’ बघावा लागतो. नुसता कोड वाचणं म्हणजे तपासणी नव्हे. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, साधारण अडीच हजार आरपीएमवर धरायचं आणि पहिल्या सेन्सरचे व्होल्ट बघायचे. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप वर-खाली जातो. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की ०.८ च्या वर, एकदम सोडून दिला की ०.२ च्या खाली. असं उत्तर देणारा सेन्सर जिवंत आहे. दोष दुसरीकडे शोधा. आकडा एकाच जागी चिकटून बसला असेल किंवा सुस्तपणे हलत असेल तर मग संशयाला जागा आहे. होंडा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत आणि बीएस६ च्या अनेक मॉडेलमध्ये पहिला सेन्सर ‘वाइडबँड’ जातीचा असतो. तो असा वर-खाली होत नाही, त्याचा आकडा स्थिरच दिसतो. जुन्या पद्धतीने बघणारा माणूस अशा चांगल्या सेन्सरलाही मृत ठरवून मोकळा होतो, म्हणून आपल्या गाडीत कोणत्या जातीचा आहे हे आधी विचारून घ्यावं.

व्होल्टच्या जोडीला ‘फ्युएल ट्रिम’ बघा. संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. लाँग टर्म ट्रिम उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नको. आयडलला अधिक वीस आणि आरपीएम वाढवल्यावर जवळपास सामान्य, असं दिसलं तर इंटेक मॅनिफोल्डच्या बाजूने हवा गळतेय. फाटलेला व्हॅक्यूम होस शोधा, शंभर-दोनशे रुपयांचा असतो. उलट आयडलला ठीक आणि घाटात, पूर्ण भाराखाली ट्रिम वाढत जात असेल तर पंप किंवा फिल्टर पेट्रोल पुरवत नाहीये. यातल्या एकाही दुखण्याला ऑक्सिजन सेन्सर बदलून गुण येत नाही.

ई२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या ट्रिमवर परिणाम होतो हेही खरं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. दहा टक्के इथेनॉलवरून वीस टक्क्यांवर गेल्यावर ही वाढ साधारण चार टक्के होते. निरोगी गाडी ती सहज सांभाळते. आधीच थोडी हवा गळत असलेल्या गाडीला मात्र हा जादाचा भार कोडच्या रेषेपलीकडे ढकलू शकतो. अशा वेळी सगळा दोष पेट्रोलवर टाकून गळती तशीच ठेवणं योग्य नाही.

सीएनजीवाल्यांसाठी एक फुकटची चाचणी आहे आणि ती आधी करावी. तीन-चार दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ट्रिम सामान्य आणि गॅसवर गेलं की बिघडतो, असं असेल तर सेन्सर शाबूत आहे आणि किटचं ट्यूनिंग चुकलंय. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे पुष्कळ होतं, कारण बसवताना मूळ तारा कापून जोड दिलेले असतात आणि ते जोड काही वर्षांनी सैल पडतात. ट्यूनिंगचे ५०० ते १,५००, गॅस फिल्टरचे दोन-चारशे. सेन्सरला हात लावण्याआधी किट बसवणाऱ्याकडे जा.

गाडीच्या कागदांमध्येही एक पुरावा पडून असतो. बीएस४ आणि बीएस६ पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी चाचणीत अडीच हजार आरपीएमच्या आसपास ‘लॅम्डा’ मोजतात आणि तो ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घालून चाचणी झाली असेल तर गेल्या वर्षीचा आणि आत्ताचा आकडा शेजारी ठेवून बघा. लॅम्डा घसरला आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय. ॲव्हरेज कमी झाल्याची तुमची तक्रार मेकॅनिकला खरी वाटावी म्हणून हा कागद सोबत न्यावा.

स्वतः कोड वाचायची इच्छा असेल तर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो. २०१३ नंतरच्या गाड्यांवर तो बहुधा नीट चालतो. त्यावर निदान करून पार्ट मागवावा असं मी म्हणत नाही. पण गॅरेजमध्ये जाण्याआधी कोड आणि ट्रिम आपल्याला ठाऊक असले की बोलणं बदलतं. गाडी दोन-तीन वर्षं ठेवायची असेल तर हा खर्च जरूर करावा.

सेन्सर खरंच गेला असेल तर

हीटर असलेला सेन्सर साधारण एक ते दीड लाख किलोमीटर टिकतो. इंजिन ऑइल जाळत असेल, कूलंट सिलिंडरमध्ये गळत असेल किंवा दुरुस्तीच्या वेळी साधं सिलिकॉन सीलंट भरमसाट वापरलं असेल तर त्याआधीच मरतो. काढलेल्या सेन्सरचं टोक स्वतः बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडत होतं. पांढरट थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंटची शंका घ्या. अशा गाडीत मूळ कारण दूर न करता नवा सेन्सर बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. टोक थिनरने किंवा पेट्रोलने धुऊन ‘क्लीन करून देतो’ असं कोणी म्हटलं तर नकार द्या. काजळी निघेल, पांढरट थर निघत नाही, आणि तीन-चारशे रुपये जातील.

किमतीचा अंदाज असा. मारुतीच्या छोट्या गाड्यांचा सेन्सर दोन ते साडेचार हजारांत येतो, ह्युंदाई आणि टाटाचा तीन ते सहा-सात हजारांत. वाइडबँड असेल तर सहा ते पंधरा हजार धरा, आणि जर्मन गाड्यांत त्याच्याही वर. मजुरी बाहेरच्या गॅरेजमध्ये ३०० ते ६००, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ६०० ते १,२००. पार्टच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. एमआरपी लिहून तिच्यावर पुन्हा जीएसटी लावलेलं बिल आलं तर तिथेच थांबवा. मजुरीवर कर लागतो, पण तो लावणाऱ्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक असायला हवा.

कंपनीच्या खोक्यातला सेन्सर बहुतेक वेळा बॉश, डेन्सो किंवा एनटीके यांच्यापैकी कोणीतरी बनवलेला असतो. जुन्या सेन्सरवरचं नाव आणि नंबर वाचा. तोच सेन्सर त्याच कंपनीच्या खोक्यात, त्याच कपलरसह बाहेर मिळाला तर बेलाशक घ्या, पुष्कळदा स्वस्त पडतो. ‘युनिव्हर्सल’ सेन्सर मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्याला कपलर नसतो, जुनी तार कापून जोडावी लागते. अनेक सेन्सर बाहेरची हवा तारेच्या आतल्या बारीक फटीतूनच घेतात, त्यामुळे जोडावर झाळलं किंवा ग्रीस भरलं की सेन्सरचा श्वास कोंडतो. हजार रुपये वाचतात आणि काम पुन्हा करावं लागतं. ऑनलाइन आठशे रुपयांत मिळणारा बिननावाचा सेन्सर तर त्याहून वाईट.

काढताना आटे अडकणं हा एक धोका असतो, विशेषतः किनाऱ्यावरच्या गाड्यांत. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या खाऱ्या हवेत हा नट सायलेन्सरशी एकजीव झालेला असतो. तिथे आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून, सायलेन्सर कोमट असताना, खाचेच्या २२ मिलिमीटर सॉकेटने काढणारा मिस्त्री शोधा. जोर लावून आटे ओरबाडले गेले तर नवे आटे पाडायचे हजार ते तीन हजार वेगळे लागतात. हा खर्च कोणाच्या माथी, हे काम सुरू करण्याआधी बोलून घ्यावं.

गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका. सरळ सर्व्हिस सेंटरला न्या, जॉबकार्डवर ‘इंजिनचा दिवा लागला’ असं लिहून घ्या आणि दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

पी०४२० आणि कन्व्हर्टर

कन्व्हर्टर चांगला असेल तर त्याच्यामागचा दुसरा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. तो पहिल्याची नक्कल करत झपाझप हलायला लागला की पी०४२० येतो. म्हणजे दुसरा सेन्सर आपलं काम करतोय. तरी दोन्ही सेन्सरच्या मधल्या नळीला, गॅस्केटला भोक आहे का हे आधी तपासून घ्यावं, कारण बाहेरची हवा शिरली तरी हाच कोड येऊ शकतो. वेल्डिंग आणि गॅस्केटचे ५०० ते १,५०० रुपये कन्व्हर्टरपुढे क्षुल्लक आहेत. बऱ्याच नव्या गाड्यांत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी जोडूनच येतो, म्हणून छोट्या गाडीलाही पंचवीस ते साठ हजार सांगतात.

इथे ग्राहकाला एक ‘सोय’ सुचवली जाते. कन्व्हर्टर पोकळ करायचा, दुसऱ्या सेन्सरखाली लांब नट बसवून त्याला धुरापासून दूर ठेवायचं, किंवा संगणकातून तो कोडच बंद करायचा. दोन-तीन हजारांत दिवा विझतो. कृपा करून हे करू नका. या यंत्राशिवाय कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सरळ रस्त्यावर येतात, आणि आपल्या गाडीमागे दुचाकीवर बसलेलं कोणाचं तरी मूल ती श्वासातून आत घेतं. गाडीसोबत आलेलं प्रदूषणाचं यंत्र काढून टाकणं कायद्यालाही धरून नाही. शिवाय काढलेल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. ‘सोय’ करून देणाऱ्याला तुमच्या बिलाखेरीज तो भावही मिळतो. कन्व्हर्टर खरोखर बदलावा लागला तर जुना परत मागा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.

कन्व्हर्टर आपोआप मरत नाही, हेही विचारात घ्या. महिनोन् महिने मिसफायर चालू होता, इंजिन ऑइल जाळत होतं, किंवा पहिला सेन्सर बिघडून जास्त पेट्रोल पडत होतं, असं काहीतरी आधी घडलेलं असतं. तीन हजारांचा सेन्सर वेळेत बदलायचा तो याचसाठी.

काम झाल्यावर

कोड पुसला की दिवा लगेच विझतो, त्यावरून काम झालं असं मानू नका. अनेक बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. शिवाय कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या नव्याने सुरू होतात. स्कॅनरवर त्या ‘मॉनिटर’ या नावाखाली पूर्ण किंवा अपूर्ण अशा दिसतात. दोन-चार दिवस शहरात आणि थोडं हायवेवर गाडी चालवा, मग त्याच गॅरेजमध्ये पुन्हा स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि कन्व्हर्टर या तिन्हींच्या चाचण्या पूर्ण झाल्या का आणि नवा कोड नाही ना, हे बघून घ्या. ही दुसरी तपासणी पहिल्या बिलातच धरलेली असावी, असं आधीच ठरवा.

बिलावर पार्ट नंबर, कोणत्या जागचा सेन्सर बदलला ते, आधीचा कोड आणि पार्टची वॉरंटी लिहून घ्या. जुना सेन्सर खोक्यात घालून घरी आणा. दिवा परत लागला आणि गॅरेज हात वर करू लागलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत जोडायचे कागद म्हणजे जॉबकार्ड, बिल आणि कोड पुसण्याआधी काढलेला स्कॅनरच्या पडद्याचा फोटो.